नजरेआडची खोली

रावयाला तो पलंग अत्तारीनच्या गल्लीत दिसला आणि तिने करू नये ते केलं. त्याच्या पितळी बोंडावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. अत्तारीनमध्ये जुनं सामान घ्यायला जाणाऱ्याने असा जीव दाखवायचा नसतो. नाक मुरडायचं, भलत्याच वस्तूकडे बघायचं, चार पावलं पुढे जायचं आणि मग मागे वळून सहज विचारल्यासारखं विचारायचं. दुकानदाराने तिचा हात पाहिला, स्टूल पुसून पुढे केलं आणि चहा मागवला. चहा आला म्हणजे घासाघीस संपली, हे तिच्या नवऱ्याला, वगीहला, कळलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

पलंग लहान मुलाचा, लोखंडी, डोक्याशी वेलबुट्टीची जाळी. अलेक्झांड्रिया सोडून गेलेल्या कुणा ग्रीक कुटुंबाचा, असं दुकानदार म्हणत होता. अत्तारीनमधल्या प्रत्येक वस्तूचा मालक एक तर ग्रीक असतो नाही तर पाशा. सकाळी भंगारवाल्याच्या गाढवगाडीवरून आलेली मोडकी खुर्चीसुद्धा दुपारच्या नमाजापर्यंत पाशाच्या दिवाणखान्यातली झालेली असते. रावया याच शहरात वाढलेली, तिला हे सांगायला नको होतं. तिला एवढंच दिसत होतं, की या पलंगात चार वर्षांची मुलगी मावेल आणि सात वर्षांची झाली तरी मावेल.

मुलीचं नाव सिद्रा. ती रावयाची नव्हती, म्हणजे अजून नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला अनाथ मुलांचं एक घर होतं, तिथे दर आठवड्याला दोघं नवराबायको तिला भेटायला जात. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, मूल झालं नव्हतं, आणि एक मूल आम्हाला सांभाळायला द्या असं त्यांनी शेवटी सरकारकडे मागितलं होतं. अशा मुलाला सांभाळणाऱ्या बापाचं नाव लावत नाहीत, त्याचं नाव त्याचंच राहतं, पण घर मिळतं, आई मिळते. सगळं जमत आलं होतं. आता चौकशीची बाई तेवढी यायची राहिली होती. तिला मुलीची वेगळी खोली दिसायला हवी, वेगळा पलंग दिसायला हवा, आणि आजूबाजूला विचारपूस करून तिची खात्री पटायला हवी. यातली खोली तेवढी रावयाच्या डोक्यात राहिली, विचारपूस राहिली नाही. बाई कधी येणार असं विचारलं की कचेरीतले लोक ‘येईल’ म्हणत, आणि त्या एका ‘येईल’ने रावयाची झोप उडवली होती.

वगीह ट्रामच्या कारखान्यात वायरमन होता. त्याचं म्हणणं साधं होतं. हप्त्याने का होईना, दमिएत्ताच्या सुतारांचं नवं कोरं सामान आणू. पोरीला आधीच दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालून कंटाळा आला असेल, निदान पलंग तरी तिचा पहिला असू दे. रावयाने त्याला सांगितलं की हल्लीचं लाकूड म्हणजे दाबलेला भुसा, समुद्राच्या हवेने दोन हिवाळ्यांत फुगतं. जुनं ते सोनं. हे खरं होतं, पण खरं कारण हे नव्हतं आणि वगीहलाही ते माहीत होतं. नव्या सामानाचा ट्रक इमारतीखाली उभा राहिला की बातमी सामानाच्या आधी पाचव्या मजल्यावर पोचते. धूळ खाल्लेला जुना पलंग वर नेला तर कोण कशाला बघेल? भंगाराला दृष्ट लागत नाही.

रावयाची आई म्हणायची, आपली मेणबत्ती झाकून ठेव, म्हणजे तेवत राहील. आपल्याकडे म्हणतात तशी झाकली मूठ. रावयाने मूठ अशी काही आवळली होती की बोटं पांढरी पडायची वेळ आली. बहिणीला सांगितलं नाही, कामाच्या ठिकाणी शिवणवर्गातल्या बायकांना सांगितलं नाही. आणि समोरच्या दारातल्या उम्म वाईलला तर कळूच द्यायचं नाही, हे तिने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

उम्म वाईल, म्हणजे वाईलची आई. वाईल हा तिचा थोरला, पाठची तीन मुलं, नातवंडं आणखी. बाई मनाची मोकळी, हाताची सढळ, तोंडाची त्याहून सढळ. पण तिची नजर चांगली नाही असा इमारतीत बोभाटा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कॅनरी पक्ष्याचा गळा तिने वाखाणला आणि दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात पाय वर करून पडला होता. रावयाच्या कपडे धुण्याच्या मशीनला ती ‘काय मुकाट्याने काम करते हो’ म्हणाली आणि मशीन त्याच आठवड्यात जळलं. वगीह म्हणाला, ते माझ्या वायरिंगने जळलं. त्याचं कोण ऐकतो.

पण पक्षी आणि मशीन ही वरवरची गोष्ट. रावयाला एकदा दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता, आणि आनंद पोटात मावेना म्हणून तिने सगळ्यांत आधी उम्म वाईलला सांगितलं. उम्म वाईलने तिच्या पोटावर तळहात ठेवला, डोळे भरून पाहिलं, म्हणाली, काय तेज आलंय तुझ्या तोंडावर. त्या आठवड्यातच सगळं वाहून गेलं. तेव्हा तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेणारी उम्म वाईलच होती. तिचे कपडे धुणारी, तिला सूप पाजणारी, तिच्या उशाशी बसून रडणारीही तीच. हे सगळं रावया विसरली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटायची. तरी उम्म वाईल समोर आली की तिचा हात आपोआप पोटाकडे जायचा.

पलंग वर न्यायला तिने शुक्रवार निवडला. पुरुष मशिदीत, बायका चुलीपाशी, जिना मोकळा. वगीह पुटपुटत होता की एक नमाज बुडवून मी चोरासारखा पलंग वाहतोय, वर जाऊन काय उत्तर देऊ. पाचव्या मजल्यावर वळले तर समोरचं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात बुटक्या स्टुलावर बसून उम्म वाईल कोवळे कोहळे कोरत होती. भात भरायचा होता.

तिने पलंगाकडे पाहिलं. रावयाच्या हातून पलंगाचा पाय निसटला आणि वगीहच्या नडगीवर बसला.

उम्म वाईलने विचारायच्या आधीच रावया बोलत सुटली. वगीहला नवं खूळ लागलंय, जुनं सामान आणायचं, घासूनपुसून विकायचं. हल्ली लोकांना जुन्याचं फार वेड, चार पैसे सुटतात. मागची खोली रिकामीच आहे, म्हटलं करू दे. वगीह नडगी चोळत ऐकत होता. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो कण्हत राहिला.

“बरं केलंत,” उम्म वाईल म्हणाली. “कर्त्या माणसाने हात रिकामे ठेवू नयेत.” आणि तिने कोरलेला कोहळा पातेल्यात टाकला.

एक खोटं पचलं की माणसाला धीर येतो. मग आरशाचं कपाट आलं, ओढायच्या तीन खणांचा ठेंगणा कट्टा आला, वेताची डुलती खुर्ची आली, सगळं उघड्यावर, भर दिवसा. रावया दुपारी शिवणवर्गावरून आली की पदर खोचल्यागत बाह्या वर सारून खोलीत शिरे. पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतून तिने ढेकणांचा नायनाट केला. काचपेपरने घासघासून बोटांची सालं काढली. कपाटाच्या दाराला समुद्राची हवा खाऊन बाक आला होता, तो तिने वगीहकडून रंधून घेतला. सिद्राला तिने भेटीत विचारलं होतं की तुला कुठला रंग आवडतो, तर पोरगी बराच विचार करून म्हणाली, ट्रामचा. म्हणून पलंग ट्रामसारखा निळा झाला. दृष्ट लागू नये म्हणूनही निळा रंग चांगला, हे रावयाने मनातल्या मनात म्हणून घेतलं.

खोली जसजशी सजत गेली तसतशी तिची भीती कमी व्हायची ती वाढली. आधी वाटायचं, खोली नाही म्हणून मुलगी देणार नाहीत. आता वाटू लागलं, खोली आहे म्हणूनच काहीतरी आडवं येईल. प्रत्येक वस्तूत तिला घात दिसायचा. जाळीतून मुलीचं डोकं अडकलं तर? कपाट अंगावर आलं तर? तिने कपाट भिंतीला खिळवून घेतलं. पलंगावर पाय पोटाशी घेऊन स्वतः निजून पाहिलं. आणि एक गोष्ट तिने मुद्दाम केली नाही. मुलीसाठी कपडा घेतला नाही, बाहुली घेतली नाही, साधी कंगवाफणी घेतली नाही. मूल घरात यायच्या आधी त्याची वस्तू घरात आणली की नशिबाला डिवचल्यासारखं होतं. एकदा तिने लोकरीचे बूट विणून ठेवले होते, ते कुणाच्या पायात गेले नाहीत. म्हणून कट्ट्याचे खण धुतलेले, पुसलेले, आत स्वच्छ कागद अंथरलेले आणि रिकामे.

इकडे उम्म वाईल हातावर हात ठेवून थोडीच बसणार. शेजाऱ्याच्या धंद्याला हातभार लावायचा म्हणून तिने गिऱ्हाईकं आणायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावरचा न्हावी कपाट बघायला आला. कुणी मावसबहीण खुर्चीवर बसून डुलून गेली. रावया प्रत्येकाला वाटेला लावायची. पॉलिश ओलं आहे, जोडी मोडायची नाही, भाव अजून ठरला नाही. मग एके दिवशी उम्म वाईल आपल्या सख्ख्या भाचीला, नाजलीला, घेऊनच आली. नाजलीचे दिवस भरत आले होते. तिने निळ्या पलंगाच्या बोंडावर हात ठेवला आणि तो काढला नाही. रावयाला तो हात ओळखीचा वाटला.

“विकलाय तो,” ती म्हणाली. “पैसे घेऊन बसलेय.”

“कुणाचे?” उम्म वाईलने विचारलं.

“आहेत एक. तिकडे स्मूहा भागातले.”

“पोटुशी बाई दारात उभी आहे, रावया. परत कर त्यांचे पैसे.”

रावयाने मान हलवली. नाजली ओशाळली, मावशीचा हात धरून निघून गेली. तेव्हापासून उम्म वाईलचं दार बंद राहू लागलं. भरल्या कोहळ्यांचं ताट या दारातून त्या दारात जायचं आणि कधी रिकामं परतायचं नाही, ते बंद झालं. वगीह म्हणाला की आता तरी जाऊन सांग, बाई दुखावलीय. रावया म्हणाली, पोरगी घरात आली की सांगीन, पाय धरीन, पण आधी नाही. “तुला पोरगी हवीय की गुपित?” वगीहने विचारलं. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणि एका सकाळी फोन आला. चौकशीची बाई आज दुपारी येतेय.

रावयाने घर दोनदा पुसलं, दुसऱ्यांदा पुसल्यावर फरशी ओली राहिली म्हणून घाबरून कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. वगीह अर्धी रजा टाकून आला. बाईंचं नाव मुशीरा, अंगाने भरलेल्या, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे पाच मजले चढून आल्या त्या आधी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून पाणीच प्यायल्या. मग त्यांनी घर पाहिलं, गॅसची नळी पाहिली, बाल्कनीचा कठडा किती उंच ते हाताने बघितलं. बोलायला गोड होत्या. गोड बोलणाऱ्या माणसाची रावयाला जास्त धास्ती वाटे.

खोलीच्या दारात मुशीराबाई थबकल्या. दुपारचं ऊन पितळेवर आलं होतं. “हे सगळं तुम्ही केलंत?” त्यांनी विचारलं. वगीहने सांगितलं की होय, हिने स्वतःच्या हाताने. बाईंनी गादी दाबून पाहिली. जाळीतून मूठ घालून पाहिली. कपाट हलवून पाहिलं, हललं नाही, तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी कट्ट्याचा वरचा खण ओढला. मधला ओढला. खालचा वाकून ओढला. तिन्ही खण त्यांनी एकेक करून आत ढकलले आणि कपाट उघडलं. आत हँगर होते, नुसते.

“मुलगी काय घालणार?” असं त्या विचारतील म्हणून रावया वाट बघत होती. त्यांनी विचारलं नाही. चेहरा मात्र आखडला.

“बरंय,” त्या म्हणाल्या. “जाता जाता शेजारी एक-दोघांशी बोलते. नेहमीचंच असतं ते.”

 कचेरीत सांगितलेली विचारपूस आता रावयाला आठवली. बाईंच्या मागे दार लागलं आणि ती त्याच दाराला कान लावून उभी राहिली. वगीह मागे उभा होता. समोरची घंटा वाजली, कडी निघाली.

मुशीराबाईंनी विचारलं, समोरच्या रावया मॅडमना ओळखता का. त्यापुढे त्यांना काही विचारावंच लागलं नाही.

“फर्निचरसाठी आलात ना?” उम्म वाईल म्हणाली. “वस्तू चांगल्या आहेत हो, खोटं कशाला बोलू. पण त्या निळ्या पलंगावर जीव टाकू नका. तो विकलाय. माझ्या सख्ख्या भाचीला दिला नाही.”

“असं? आणि बाकीचं?”

“बाकीचं विकायचंच आहे. धंदा आहे तो त्यांचा. भाव मात्र नीट करा, नवरा भोळा आहे, बायको नाही.”

 मग मुशीराबाईंचा आवाज आला, आता त्यात गोडवा नव्हता. “या घरात लहान मूल यायचंय, असं काही ऐकलंय तुम्ही?”

“मूल?” उम्म वाईलचा आवाज खाली आला, पण जिन्यात तो नीट पोचत होता. “नाही हो. दिलं नाही तिला देवाने. एकदा होत होतं, तेही गेलं. तिच्यापुढे असलं काही काढू नका, मॅडम, हात जोडते. फार सोसलंय पोरीने.”

रावया दाराला टेकली. आपण खोटं बोलून जिला महिनोन्‌महिने झुलवलं, ती रुसलेली बाई आपल्याला दुखवू नये म्हणून परकीला हात जोडतेय, आणि त्याच बोलण्याने आपली मुलगी हातची जातेय. तिला ओरडावंसं वाटलं. वगीहने हात पुढे करून कडीवर ठेवला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि कडी स्वतः काढली.

दोन्ही बाया वळून बघू लागल्या. 

“पलंग विकलेला नाही, उम्म वाईल,” रावया म्हणाली. “काहीच विकायचं नाही. माझी मुलगी येतेय. सिद्रा नाव आहे तिचं. चार वर्षांची आहे. खोली तिची आहे.”

उम्म वाईलने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

मुशीराबाईंनी एक उसासा टाकला. “मॅडम, हे मी पुष्कळ दारांत ऐकलंय. मी येणार म्हणून मागून आणलेले पलंग पाहिलेत, मी जिना उतरायच्या आत ते परत गेलेले पाहिलेत. तुमच्या कपाटात मुलीचा एक मोजा नाही. समोरचं दार म्हणतं हा विकायचा माल आहे. मुलीचं नावसुद्धा इथे कुणी ऐकलेलं नाही. मी काय समजू?”

 उत्तर सोपं होतं. मी या बाईच्या नजरेला भ्याले, म्हणून लपवलं. एवढं वाक्य बोललं की सुटका होती. पण ते बोलायचं कुणासमोर? इस्पितळात जिने हात धरला होता तिच्यासमोर, तिच्याच उंबऱ्यात. वगीह काहीतरी सांगायला पुढे झाला तर तिने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. मुलगी की ही बाई, असा तो क्षण होता, आणि रावयाला दोन्हीकडून फास बसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुशीराबाईंनी पिशवी काखेत मारली.

“मी तुझ्या पोटावर हात ठेवला होता,” उम्म वाईल म्हणाली. ती रावयाकडे बघत नव्हती, जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. “तेव्हापासून ना?”

रावयाने मान खाली घातली. नाही म्हणायला हवं होतं. 

उम्म वाईलने दोनदा मान हलवली, भाजीवाल्याने सांगितलेला भाव पटल्यासारखी. मग ती मुशीराबाईंकडे वळली.

“मॅडम, थांबा. माझं पुरतं ऐका आणि मग काय लिहायचं ते लिहा. माझी नजर वाईट आहे असं या इमारतीत म्हणतात. मला ठाऊक आहे. मी जिन्यात दिसले की बायका पोरांना कडेवर घेतात, मला दिसत नाही असं त्यांना वाटतं. हिनेही माझ्या भीतीने लपवलं. आता तुम्हीच सांगा, विकायच्या मालाला कुणी लपवतं का? विकणाऱ्याला चार डोळे हवेच असतात. मी गिऱ्हाईकं आणली, हिने एकेकाला हाकललं. माझी भाची नववा महिना घेऊन दारात उभी राहिली, तिला नाही म्हटलं. मी रागावले होते. आता कळलं. मोजे का नाहीत ते मला विचारा. मागच्या वेळी हिने लोकरीचे बूट विणले होते, ते मी माझ्या हाताने बांधून गरिबाला देऊन आले.”

तिचा आवाज कुठेही चढला नाही. शेवटी तो जरासा चिरकला, एवढंच.

“खोली पोरीचीच आहे,” ती म्हणाली. “लिहा. समोरच्या दारातली बाई सांगतेय म्हणून लिहा.”

मुशीराबाईंनी पिशवी काखेतून काढली. त्यांच्या गळ्यात निळा मणी होता. त्यांचा हात सवयीने तिकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यातून खाली घेतला.

“खोली मुलीसाठी आहे असं मी लिहीन,” त्या रावयाला म्हणाल्या. “निर्णय एकटीचा नसतो माझा, पण माझं लिहिलेलं अजून कुणी फिरवलेलं नाही. उद्या बाजारात जा आणि मोजे आणा. पोरीला थंडी वाजायची ती वाजणारच, तुम्ही नशिबाला भ्यालात तरी.” आणि कठड्याला धरून त्या सावकाश उतरू लागल्या.

त्यांच्या चपलांचा आवाज खाली विरेपर्यंत तिघंही तशीच उभी होती. मग उम्म वाईलने दार लोटायला हात घातला. रावया धावली. तिने तो हात धरला, चुंबायला ओठांशी नेला, तर उम्म वाईलने तो सोडवून घेतला. रावया म्हणाली, आत या. खोली बघा. माझी शपथ आहे.

“आत्ता नको. पोरगी येऊ दे. आठवडा जाऊ दे मध्ये. कशाला उगाच.”

“आत्ताच या,” रावया रडत म्हणाली. “तुमच्या पाया पडते.”

तिने तिला जवळजवळ ओढतच नेलं. वगीहने खोलीचं दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाला. ऊन आता पलंगावरून उतरून जमिनीवर आलं होतं. उम्म वाईल उंबऱ्यापाशी थांबली. तिची मान खाली होती. निळा पलंग, कपाट, खुर्ची, कशाकडेच तिने डोळे उचलले नाहीत. ती फरशीकडे बघत राहिली, आणि मग पायातली सपात काढून तिने अनवाणी पाऊल फरशीवर टेकवलं.

“गार आहे,” ती म्हणाली. “पोर अनवाणी धावेल. माझ्याकडे वाईलच्या लहानपणचा गालिचा आहे, धुऊन ठेवलेला. पाठवते.”

“वर बघा ना, उम्म वाईल,” रावया म्हणाली. “एकदा बघा.”

उम्म वाईलने पाय सपातेत घातला. वळली, आणि भिंतीला हात लावत, खालीच बघत, आपल्या घरी गेली. संध्याकाळी गालिचा आला. तो नाजलीच्या हाती पाठवला होता.